‘डोळे झाकून घाल’ म्हणालो होतो

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, आणि जिच्यापाशी बोलायला हवं होतं त्या बहिणीपाशी तर नाहीच. एकदोनदा अगदी ओठांवर आलं — पण मी विषय बदलला. विषय बदलणं मला चांगलं जमतं. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. ओळखत असतात तर कदाचित तुमच्याशीही पावसापाण्याच्याच गप्पा मारल्या असत्या.

वरवर पाहिलं तर गोष्ट साधी आहे. कराटेचा क्लास. मुलगी आर्या चौथीत गेली, तिला स्वतःचं रक्षण करता यायला हवं असं मनीषाचं, माझ्या बायकोचं, म्हणणं पडलं आणि क्लास शोधायचं काम माझ्याकडे आलं. मी नाशिकला सातपूरच्या एका कंपनीत माल तपासायच्या विभागात आहे. त्यामुळे आमच्या सोसायटीत माझ्याबद्दल एक समज आहे — हा माणूस बघितल्याशिवाय काही घेत नाही. कुणाला गीझर घ्यायचा असला तरी मला विचारतात. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू, फार आवडायचं.

मी बरेच क्लास पाहिले. एक पाण्याच्या टाकीखालच्या मैदानावर चालायचा; तिथले सर मुलांना पळायला लावून स्वतः मोबाईलवर बोलत बसत. एक जिममध्ये होता, आरसेच आरसे. एक बाई एका शाळेच्या व्हरांड्यात शिकवायच्या. त्यांच्याकडे मुलं कमी, भिंतीवर एकही फोटो नाही, ढाल नाही. मुलं मधूनच हसत होती. एका मुलीनं दमून हात वर केला, तर बाईंनी तिला बाजूला बसवून पाणी दिलं आणि त्याचा काही बाऊ केला नाही. मला म्हणाल्या, "तुम्ही आत बसा की. रोज बसलात तरी चालेल." मी घरी येऊन मनीषाला सांगितलं — शिस्त नाही तिथे, पोरखेळ आहे.

आणि मग मला तो क्लास सापडला. नाव सांगत नाही. दुकानांच्या रांगेवर मोठा हॉल, निळ्या गाद्या अंथरलेल्या, एक भिंत चषकांनी भरलेली. मुलं रांगेत अशी उभी की टाचणी पडली तरी ऐकू यावी. सर उंच, आवाज हळू. ओरडत नव्हते, ओरडायची गरजच पडत नव्हती. त्यांचा एक नियम होता — क्लास चालू असताना पालकांनी वर थांबायचं नाही. "आईबाप दिसले की मुलं कच्ची पडतात," असं ते म्हणायचे. मला हे इतकं पटलं, की मी ते वाक्य सोसायटीत दहा जणांना ऐकवलं. पहिल्याच दिवशी शंका यायला हवी होती ती इथेच, नाही का? पण मला वाटलं, हीच तर खरी शिस्त.

आर्याला घातलं. तिच्या पाठोपाठ सोसायटीतली आणखी मुलं गेली — माझ्या शब्दावर. वर्षाच्या शेवटी बेल्ट देण्याचा कार्यक्रम झाला तेव्हा सरांनी मला स्टेजवर बोलावलं, नारळ आणि शाल दिली, आणि माईकवर म्हणाले की असे जागरूक पालक हवेत. जागरूक. मनीषानं फोटो काढला. तो फोटो बरेच दिवस आमच्या फ्रिजवर होता.

आता मला त्या संध्याकाळबद्दल सांगायला हवं. मघापासून मी तिच्याभोवतीच फिरतोय.

कंपनीत एक मोठं मशीन बंद पडलं होतं, म्हणून लवकर सुटलो. आर्याला घ्यायला गेलो. क्लास सुटला असेल असं वाटून वर निघालो; पुढच्या जिन्यात गाड्या लावलेल्या होत्या, म्हणून मागच्या जिन्यानं चढलो. त्या जिन्याच्या वळणावर सिमेंटची जाळी आहे. तिच्यातून हॉल दिसतो. मी मुद्दाम बघायला गेलो नव्हतो — पण दिसलं, आणि थांबलो.

मुलं गोल करून उभी होती. मध्ये दोघं. एक तपकिरी बेल्टवाला, दहावीतला असावा, माझ्या खांद्याला लागेल एवढा. दुसरा अगदी लहान, आर्याहूनही लहान. गंगापूर गावाकडून यायचा तो. घरची फुलशेती, आजोबा रोज मोपेडवर सोडायचे. मी त्याला खाली पुष्कळदा पाहिलं होतं. त्या दिवशी त्याला यायला उशीर झाला होता, त्याची ती शिक्षा होती, हे मला नंतर कळलं. डोक्याला मार लागू नये म्हणून घालतात ती टोपी नाही, हाताला ग्लोव्हज नाहीत. मोठा मुलगा मारत होता, आणि तो लहानगा हात पुढे धरून मागे मागे सरकत होता. मागे सरकला, की गोलातली मुलं त्याला परत आत ढकलत. आणि सगळी मुलं टाळ्या वाजवत होती — एका तालात.

त्या लहानग्यानं हात वर केला. थांबवा, असा.

सर भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं, "हात खाली. कधी थांबायचं ते मी ठरवतो."

तो पडला, उठला, पुन्हा पडला. नाकातून रक्त आलं तेव्हा मोठा मुलगाच बावरून थांबला आणि सरांकडे बघायला लागला. सरांनी मान हलवली — चालू ठेव.

गोलात आर्या होती. टाळ्या वाजवत होती. तिचा चेहरा... तो चेहरा मी घरी कधी पाहिला नव्हता. त्यावर काहीच नव्हतं.

तुम्ही म्हणाल, मग तू काय केलंस? तेच सांगतोय. मी जाळीला हात लावून उभा राहिलो. हॉलचं दार तिथून चार पावलांवर असेल. आत जाऊन मी नुसता ‘सर’ म्हणालो असतो तरी ते थांबलं असतं, याची मला आजही खात्री आहे. पण मी गेलो नाही. आणि का गेलो नाही, तर पालकांनी वर थांबायचं नाही असा नियम होता, आणि मी तो मोडलेला सरांना दिसेल, याची मला लाज वाटली. एक पोरगं समोर मार खात होतं, आणि मी नियमाचा विचार करत होतो. शाल पांघरलेला जागरूक पालक.

मग मी खाली उतरलो. गाडीवर बसलो, मोबाईल काढला. शेजारी त्या मुलाचे आजोबा मोपेड घेऊन उभे होते. थोड्या वेळानं मुलं खाली आली. तो लहानगा नाकात कापूस घालून आला. आजोबांनी विचारलं, काय रं झालं? तो म्हणाला, "पडलो."

म्हाताऱ्यानं त्याच्या डोक्यावर हात फिरवला आणि माझ्याकडे बघून हसला. "खेळात लागायचंच. सर लय चांगले हायेत, नाय का?"

मी म्हणालो, "हो. चांगले आहेत."

घरी जाताना आर्या मागे बसून काही बोलली नाही. मीच विचारलं, कसा झाला क्लास? म्हणाली, "आज मी रडले नाही." मी विचारलं, म्हणजे आधी कधी रडली होतीस? त्यावर ती एवढंच म्हणाली, की रडलं की मध्ये उभं करतात.

पुढच्या महिन्यापासून मी तिचं जाणं बंद केलं. सरांना सांगितलं, अभ्यास वाढलाय. मनीषाला सांगितलं, ती कंटाळलीय. सोसायटीत सांगितलं, स्कॉलरशिपची परीक्षा आहे. माझं लेकरू मी काढून घेतलं. बाकीची तिथेच होती — माझ्या शब्दावर गेलेली. त्यांच्या आईबापांना मी रोज लिफ्टमध्ये भेटत होतो. काय सांगणार होतो? क्लास वाईट आहे म्हटलं, तर पुढचा प्रश्न ठरलेला — तुला कसं कळलं? बघितलं म्हटलं, तर त्याच्या पुढचा — मग तू आत का नाही गेलास? त्या एका प्रश्नाला मी इतका भ्यायलो, की पहिलं वाक्यच कधी उच्चारलं नाही.

इथवरचं कदाचित मी पचवलंही असतं. माणूस पचवतो. पण पुढे संगीता आली.

संगीता माझी धाकटी बहीण. चांदवडला दिलेली; दाजींचा कांद्याचा व्यापार. मुलगा सोहम हुशार, म्हणून त्याच्या शाळेसाठी ती त्याला घेऊन नाशिकला आली आणि आमच्याजवळच भाड्यानं राहिली. दाजी शनिवारी येऊन जायचे. बाकी सगळं तिनं एकटीनं बघायचं. सोहम अंगानं बारीक, बोलणं कमी. त्यात गावाकडची भाषा. तो ‘हाय’, ‘नाय’ म्हटला की वर्गातली पोरं त्याची नक्कल करायची. डबा पळवायची, दप्तर फेकायची. एकदा शर्टाचा खिसा फाटून घरी आला आणि खिळ्याला अडकला म्हणाला.

त्या रविवारी ती आमच्याकडे आली होती. मनीषा आत भाकऱ्या करत होती. संगीता शेंगा सोलत बसली होती. बोलता बोलता म्हणाली, "दादा, सोहमला जरा धीट करायचंय. आर्या जायची तो क्लास कसाय? तू तर समदे बघून मग तिला घातलं होतं."

मी तिच्या पुढ्यातली एक शेंग उचलली. आतून मनीषा म्हणाली, "छानच आहे तो. यांना स्टेजवर बोलावलं होतं तिथे." संगीता माझ्याकडे बघत होती. लहानपणी शाळेच्या वाटेवरचा ओढा ओलांडताना ती अशीच बघायची — मी पाय ठेवीन त्याच दगडावर पाय ठेवायला.

तेव्हा मी म्हणू शकलो असतो — नको घालूस. एवढंच. कारण न सांगताही म्हणता आलं असतं. व्हरांड्यातल्या त्या बाईंचं नाव सांगता आलं असतं. पण आत मनीषा होती, फ्रिजवर तो फोटो होता, आणि मला वाटलं — काय वाटलं? वाटलं की ते एखाद्या दिवशीचं असेल. रोज थोडंच असं होत असेल? सोहम वेळेवर जाईल, त्याला कशाला मध्ये उभं करतील?

मी म्हणालो, "चांगला आहे. डोळे झाकून घाल."

सोहम जायला लागला. सुरुवातीला संगीता खूश होती. पोरगा ताठ चालतो म्हणायची. मी त्याला भेटलो की त्याच्या हातापायांकडे बघायचो. दंडावर एखादा काळानिळा डाग दिसला, तरी मी विचारायचो नाही. विचारलं आणि त्यानं सांगितलं तर?

मग एकदा त्याला ताप भरला. कान दुखतो म्हणाला. संगीतानं तेल कोमट करून घातलं. दुसऱ्या दिवशी उशीवर पू आणि रक्त. कानाच्या डॉक्टरांकडे नेलं तर ते म्हणाले, पडदा फाटलाय, आणि हे आजचं नाही, बरेच दिवस झालेत, आत सगळं चिघळलंय. कशानं झालं, विचारलं तर पोरगं बोलेना. शेवटी आईनं रडून पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले, तेव्हा त्यानं सांगितलं. एका मोठ्या मुलाची लाथ कानावर बसली होती. त्याला मध्ये उभं केलं होतं. कशासाठी? त्यानं ‘नाही’च्या ऐवजी ‘नाय’ म्हटलं होतं, मुलं हसली होती, आणि हसण्यानं शिस्त बिघडली होती.

त्यानं हातही वर केला होता. ते त्यानं वेगळं सांगितलं. "हात वर केला व्हता, आई. तरी नाय थांबवलं."

ऑपरेशन झालं. पण त्या कानानं त्याला अगदीच कमी ऐकू येतं, ते कायमचं.

दाजी चांदवडहून आले ते थेट क्लासवरच जायला निघाले. मला म्हणाले, "तुम्ही चला, तुम्हाला ते ओळखतात." मी गेलो. संध्याकाळची मुलं अजून यायची होती. हॉल रिकामा होता. दाजी तापट नाहीत, पण त्यांचा आवाज थरथरत होता. सरांनी सगळं ऐकून घेतलं, आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या. म्हणाले, वाईट झालं, पण खेळ आहे, लागतं. मुलानं आम्हाला सांगितलंच नाही. दाजी म्हणाले, सांगितलं नाही? हात वर केला होता त्यानं.

तेव्हा सर माझ्याकडे वळले. अगदी हळू, त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, "असं आमच्याकडे होत नाही. हे आहेत ना — यांची मुलगी वर्षभर होती. विचारा यांना. सर, तुम्ही सांगा. कधी काही तक्रार होती तुमची?"

दाजी माझ्याकडे बघायला लागले. त्या बघण्यात संशय नव्हता. आधार होता. आता आपला माणूस बोलेल, असं होतं ते. मी बसलो होतो तिथून समोर ती सिमेंटची जाळी दिसत होती. आता बोल, मी मनात म्हणत होतो, आता नाही तर कधीच नाही —

मी म्हणालो, "नाही. आमची तशी काही तक्रार नव्हती."

दाजींचे खांदे खाली आले. ते उठले, आणि आम्ही जिना उतरलो. खाली आल्यावर त्यांनी माझ्याच खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जाऊ द्या. तुम्हाला तरी काय माहीत असणार."

संगीतानं स्वतःला दोष दिला. आजही देते. मीच त्याला ढकललं, धीट करायला निघाले, तो नको नको म्हणत होता तरी मी पाठवलं — असं ती म्हणायची आणि मी तिची समजूत घालायचो. होय, मीच. तिच्या शेजारी बसून म्हणायचो, बाहेरून कुणाला कसं कळणार? ती डोळे पुसून म्हणायची, "तुला कळलं नाय दादा, मग मला काय कळणार." आणि मी मान हलवायचो.

आर्या आता कॉलेजात आहे. गेल्या वर्षी एकदा गाडीवर माझ्यामागे बसली असताना, सिग्नलला थांबलो तेव्हा, मध्येच म्हणाली, "पप्पा, त्या दिवशी जाळीपाशी तुम्ही होता ना?" मी कुठल्या दिवशी असं विचारलं नाही. ती म्हणाली, "मला वाटलं होतं, तुम्ही आत याल." सिग्नल सुटला. त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. म्हणजे घरात एका माणसाला माहीत आहे, आणि ते माणूस माझी वाट बघून बघून दमलेलं आहे.

तो क्लास अजून चालतो. आता गंगापूर रोडकडे मोठ्या जागेत गेलाय. बोर्डावर सरांचा फोटो आहे.

मागच्या आठवड्यात आमच्या मजल्यावरचं नवीन जोडपं आलं होतं. त्यांचा मुलगा पहिलीत आहे. कुणीतरी त्यांना सांगितलं, काकांना विचारा. मी त्यांना बसवलं, चहा दिला आणि खूप सांगितलं. क्लासला आधी स्वतः बसून बघा, तेही न कळवता. आत बसू देत नसतील तर परत फिरा. मुलानं थांबा म्हटलं तर थांबतात का, ते बघा. सगळ्यात लहान, सगळ्यात कच्च्या मुलाशी कसे वागतात ते बघा; चषक बघू नका. मुलं मधून हसतात का? हसायला हवीत. आणि घरी आल्यावर मूल एकदम गप्प झालं, तर तेव्हाच विचारा. त्या व्हरांड्यातल्या बाई अजून शिकवतात, त्यांचा पत्ताही मी दिला.

मुलाची आई म्हणाली, "काका, तुम्ही किती बारकाईनं बघितलंय." मग तिच्या नवऱ्यानं त्या गंगापूर रोडच्या क्लासचं नाव घेतलं. त्याचं फार नाव ऐकलंय म्हणाला. तो कसा आहे?

मनीषा समोर बसली होती. आर्या आतल्या खोलीत होती. दार उघडं होतं.

मी म्हणालो, "तुम्हाला लांब पडेल तो."

ते बरं म्हणाले, आणि चहा पिऊन गेले. मनीषानं कप उचलले. आतल्या खोलीचं दार लागल्याचा आवाज आला.

संगीता पुन्हा चांदवडला राहायला गेलीय. सोहम होस्टेलवर असतो. परवा तिचा फोन आला होता. सोहमला फोनवर नीट ऐकू येत नाही, दोनदोनदा सांगावं लागतं, असं सांगत होती आणि बोलता बोलता तिचा आवाज पुन्हा भरून आला — माझ्यामुळे झालं रे दादा, म्हणाली. मी तिला म्हणालो, तू कशाला मनाला लावून घेतेस. तिनं हो म्हटलं आणि फोन ठेवला.